‘आपण कोठे आहात?’ : ग्रामीण पोलीस नियंत्रण कक्षाचे कार्य

ठाण्याहून नाशिककडे निघालेला प्रवासी माणकोली, रांजनोली, सोनाळे ही गावे मागे टाकीत वडप्यास येतो. भिवंडी शहरातून येणारा जुना आग्रा रस्ता येथेच बाह्यवळण मार्गास मिळतो. वडपे ते गोंदे हा सुमारे शंभर किलोमीटरचा चौपदरी महामार्ग येथूनच सुरू होतो. जवळच्या आमणे येथे समृद्धी महामार्गाचे मुंबईकडील टोक असून त्या मार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीस खुला झाला. एकेकाळी भाताची खाचरे असलेल्या या परिसरात आज गोदामांच्या रांगा आहेत. दिवसा माल चढविणारे हात आणि रात्री वाट काढणारे ट्रेलर यांनी येथील रस्ता कधी रिकामा राहत नाही. प्रशासनाच्या दप्तरी मात्र वडपे हे आजही एक ग्रामपंचायतीचे गाव आहे आणि येथील कायदा व सुव्यवस्थेची जबाबदारी ठाणे ग्रामीण पोलीस दलाकडे आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात प्रस्तुत लेखक एका शासकीय बैठकीहून रात्री या मार्गाने परतत होता. पाऊस कोसळत होता. रस्त्याच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या एका ट्रेलरवर मागून येणारा टेम्पो आदळला आणि टेम्पोचा चालक आत अडकून पडला. लेखकाने ११२ हा क्रमांक फिरविला. पलीकडून शांत आवाजात पहिला प्रश्न आला, “आपण कोठे आहात?” उत्तर दिले, “नाशिक रस्त्यावर, भिवंडीजवळ.” पुढचा प्रश्न आला, “ठाण्याकडे जाणाऱ्या बाजूला की नाशिककडे जाणाऱ्या?” हे सांगता आले. “शेवटचे कोणते गाव, कोणता पूल ओलांडलात? समोर काय दिसते?” समोर एक गोदाम होते आणि त्यावर एका कंपनीचे नाव होते. अशी गोदामे तेथे शेकड्यांनी आहेत. शब्दांवर पोट असलेल्या मला त्या क्षणी स्वतःचे ठिकाण सांगण्यापुरते शब्द सापडले नाहीत. अखेर चहाच्या टपरीवाल्याने फोन हातातून घेतला आणि एका वाक्यात काम केले. “साहेब, वडप्याच्या अलीकडे, पंपासमोर, ठाण्याच्या लाइनीत.”

त्या रात्रीपासून या कामाविषयीचे कुतूहल वाढले. फोनच्या पलीकडे बसलेला हा माणूस कोण असतो, तो काय करतो आणि त्याचे काम आपल्या कोणत्या चुकांमुळे अवघड होते, याची माहिती गावपातळीवर काम करणाऱ्यांस असणे आवश्यक वाटते.

क्रमांकाची कुळकथा

संकटकाळासाठी एकच क्रमांक असावा ही कल्पना एका दुर्घटनेतून जन्मास आली. १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घरास आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलास बोलाविण्यासाठी दूरध्वनी केला, परंतु केंद्रात त्याचा फोन इतरांच्या रांगेत ताटकळत राहिला. त्याने वर्तमानपत्रास पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू करण्यात आला. हा क्रमांक फिरविताच केंद्रात लाल दिवा लागे आणि भोंगा वाजे. अमेरिकेतील ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामा राज्यातील हेलीव्हिल या लहानशा गावी झाला. युरोपातील टपाल व दूरसंचार प्रशासनांनी ११२ या क्रमांकाची शिफारस १९७२ मध्ये केली.

आपल्याकडे पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१, महिलांसाठी १०९१ असे वेगवेगळे क्रमांक चालत आले. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ ची सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांनिशी सुरू झाली. भीतीने गळाठलेल्या माणसाने यांतील नेमका कोणता क्रमांक आठवावा? दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये सर्वांसाठी ११२ हा एकच क्रमांक ठेवण्याची शिफारस केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये हिमाचल प्रदेशापासून त्याचा आरंभ झाला व २०२१ मध्ये महाराष्ट्रात ही यंत्रणा कार्यान्वित झाली. राज्याचे प्राथमिक संपर्क केंद्र नवी मुंबईतील महापे येथे आहे आणि दुसरे केंद्र नागपूर येथे आहे. एकावर ताण पडला अथवा बिघाड झाला तर दुसऱ्याने भार उचलावा, अशी ही व्यवस्था आहे.

आणखी एक गोष्ट अनेकांस ठाऊक नसते. १ जानेवारी २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या मोबाइल संचात आणीबाणीची कळ असणे केंद्र शासनाने बंधनकारक केले. साध्या फोनवर ५ किंवा ९ ही कळ दाबून धरावी, स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबावी, असे त्याचे स्वरूप ठरले. फोनला कुलूप असले तरी पडद्यावरील आणीबाणीच्या पर्यायातून ११२ लावता येतो. म्हणजे अपघातात बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या खिशातील फोनही त्याच्या मदतीस येऊ शकतो.

दोन माणसे, दोन कामे

वडप्याहून केलेला फोन थेट भिवंडीच्या पोलीस ठाण्यात जात नाही. तो महाप्याच्या केंद्रात कॉल घेणाऱ्याकडे जातो. तो प्रश्न विचारतो, उत्तरे संगणकावर टिपतो आणि घटनेची नोंद करतो. ती नोंद संबंधित जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या अंमलदाराच्या पडद्यावर उमटते. या अंमलदारास पोलिसांत ‘डिस्पॅचर’ असेच म्हणतात. आपल्या भागातील कोणते वाहन कोठे आहे हे त्यास नकाशावर दिसते, कारण प्रत्येक प्रतिसाद वाहनावर स्थान सांगणारे उपकरण आणि माहितीचा पडदा बसविलेला असतो. तो वाहन निवडतो, नोंद त्याच्याकडे पाठवितो, वाहनावरील कर्मचारी ती स्वीकारतो, पोहोचल्याचे कळवितो आणि काम संपल्यावर काय कार्यवाही केली ते लिहितो. त्याखेरीज नोंद बंद होत नाही.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात डिस्पॅचरचे काम संगणकाच्या पलीकडे सुरू होते. नकाशावर सर्वांत जवळ दिसणारे वाहन खाडीच्या किंवा दुभाजकाच्या पलीकडे असू शकते. महामार्गावर चुकीच्या बाजूस असलेल्या वाहनास वळण घेण्यासाठी काही किलोमीटर पुढे जावे लागते. माळशेज घाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात आणि माथा पुणे जिल्ह्यात आहे. कसारा घाट चढला की नाशिक ग्रामीण पोलिसांची हद्द लागते. डोंगरात मोबाइलची लाट जो मनोरा जवळचा नव्हे तर जो दिसेल तो पकडते, त्यामुळे मनोरा एका जिल्ह्यातला आणि संकटात सापडलेला माणूस दुसऱ्या जिल्ह्यातला, असे घडते. अशा ठिकाणी पडदे आणि नकाशे मुके झाले की जुनी बिनतारी संदेश यंत्रणाच कामी येते. “कंट्रोल, कंट्रोल” ही हाक अद्याप इतिहासजमा झालेली नाही, याचे कारण हेच.

प्रश्नांचा क्रमही विचारपूर्वक ठरलेला आहे. प्रथम ठिकाण, मग काय घडले, मग कोणास धोका आहे, कोणाजवळ शस्त्र आहे काय, आग किंवा जखमी आहेत काय, आणि शेवटी नाव. लोकांस याचा राग येतो. “इथे माणूस मरतोय आणि तुम्ही पत्ता विचारता!” असे शब्द ऐकावे लागतात. परंतु फोन मध्येच तुटला तर ठिकाण कळलेले असल्यास वाहन तरी निघू शकते. सर्व वृत्तांत कळला आणि ठिकाण कळले नाही, तर काहीच निघू शकत नाही. शिवाय प्रश्न विचारले जात असताना वाहन थांबून राहिलेले असते, हाही गैरसमज आहे. नोंद होताच ती पुढे जाते आणि नंतरची माहिती मागाहून जोडली जाते.

हद्दींचा गुंता

भिवंडी तालुक्याइतका हद्दींचा गुंता राज्यात फार थोड्या ठिकाणी असेल. एकाच महामार्गावरील माणकोली नारपोली पोलीस ठाण्याच्या आणि रांजनोली कोनगाव पोलीस ठाण्याच्या क्षेत्रात येते. ही दोन्ही ठाणी ठाणे पोलीस आयुक्तालयाची आहेत. थोडे पुढे गेल्यावर वडपे, पडघा, गणेशपुरी हा भाग ठाणे ग्रामीणचा. म्हणजे एका ट्रकच्या चोरीत चोर वीस मिनिटांत दोन पोलीस दलांची हद्द ओलांडतो. त्यातच या हद्दी स्थिर राहिलेल्या नाहीत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे ग्रामीणचा मोठा प्रदेश तिकडे गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये मीरा-भाईंदर, वसई-विरार हे नवे आयुक्तालय अस्तित्वात आले आणि मीरा-भाईंदरही बाहेर पडले. उरलेल्या ग्रामीण दलाकडे शहापूर, मुरबाड, कसारा, टोकावडे अशी विरळ वस्तीची, डोंगराळ ठाणी आणि त्यांच्याच जोडीला वडप्याभोवतालची गजबजलेली गोदामे असा विजोड वाटा आला.

फोन करणाऱ्यास या हद्दींशी कर्तव्य नसते आणि नसावेही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हे तत्त्व कायद्यात आणले आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही क्षेत्रात घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर त्यामुळे कायद्यास धरून नाही. नियंत्रण कक्षाने मात्र हद्दीचा विचार केलाच पाहिजे, कारण कोणते वाहन आधी पोहोचेल हा प्रश्न त्याला सोडवावयाचा असतो.

नावांचा घोटाळा याहून अवघड. मुंबईचे बोरिवली सर्वांस माहीत आहे. पडघ्याजवळही बोरिवली नावाचे गाव आहे. गोदामात काम करणारा, कालच उत्तर प्रदेशातून अथवा बिहारमधून आलेला तरुण “बोरिवली में झगड़ा हुआ है” एवढेच सांगतो, तेव्हा एक चुकीचा तर्क वाहनास पन्नास किलोमीटर दूर धाडू शकतो. वडपे, वडघर, वडुनवघर ही नावे पावसाच्या आणि इंजिनाच्या आवाजात वेगळी ओळखणे सोपे नाही. म्हणून अनुभवी अंमलदार गावाचे नाव ऐकून थांबत नाही. जवळचा नाका, देऊळ, शाळा, गोदामाच्या फाटकावरील क्रमांक विचारतो. राष्ट्रीय महामार्गावरील किलोमीटरच्या दगडाचा माथा पिवळा असतो, राज्य मार्गावरील हिरवा. दगडावरचा आकडा वाचता आला तर त्यासारखा पत्ता नाही. विजेच्या खांबावरील क्रमांकही उपयोगी पडतो.

जे बोलता येत नाही

सर्वच फोन अपघाताचे नसतात. आणि जे घरातून येतात ते अधिक अवघड. नवरा दारू पिऊन अंगावर येतो आहे आणि तो त्याच खोलीत आहे, अशा वेळी स्त्रीला काही सांगता येत नाही. ती फोन लावून गप्प राहते किंवा भलतेच काही बोलते. येथे अंमलदाराने ‘रिकामा फोन’ म्हणून तो ठेवून दिला तर सारेच संपले. “ताई, तुम्हाला बोलता येत नाही का? फक्त हो किंवा नाही म्हणा. तो घरातच आहे का? मुले जवळ आहेत का?” असे हो-नाहीचे प्रश्न विचारून काम काढावे लागते. एकटी वृद्ध स्त्री घाबरून फोन करते, तेव्हा “आजी, दाराची कडी लावलीत का? लावा, मी फोनवरच आहे,” एवढ्या शब्दांनीही धीर येतो. खेड्यात अनेक घरांत एकच फोन असतो आणि तो पुरुषाच्या खिशात असतो. त्यामुळे हे फोन पुष्कळदा शेजारणीचे, अंगणवाडी ताईंचे अथवा शिक्षकांचे असतात. शिक्षकवर्गाने हे लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. मुलाने वर्गात सहज बोललेले वाक्य कधी कधी घरातील पहिली खबर असते.

दुसरा कठीण प्रकार अफवांचा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या अफवेने जमावाने पाच निरपराध माणसांस ठार मारले. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. “गावात मुले पळविणारे पकडले आहेत, लवकर या,” असा फोन जेव्हा येतो, तेव्हा धोका मुलांना असतो की पकडलेल्यांना, हे डिस्पॅचरने ओळखावयाचे असते. लोक किती जमले आहेत, पकडलेले कोठे ठेवले आहेत, पोलीस पाटील अथवा सरपंच तेथे आहेत काय, हे विचारावे लागते. पोलीस पाटलांचा फोन लागला तर वाहन पोहोचेपर्यंत त्यांनी संशयितांस ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या खोलीत सुरक्षित ठेवावे, असे सांगता येते. अशा वेळी वाहनापेक्षा गावातला एक ठाम माणूस अधिक लवकर पोहोचतो. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ अन्वये नेमलेला पोलीस पाटील हा या साखळीतील जुना दुवा आजही निरुपयोगी ठरलेला नाही, उलट नियंत्रण कक्षास त्याच्याइतका आधार दुसरा नाही.

आगीचे फोन निराळेच प्रश्न उभे करतात. ग्रामपंचायतीकडे अग्निशमन दल नसते. गोदामास आग लागली तर भिवंडी-निजामपूर महानगरपालिकेचे आणि गरज पडल्यास कल्याण, ठाणे येथील बंब बोलवावे लागतात. आत कोणता माल आहे, रसायने आहेत काय, आत कोणी झोपले आहे काय, ही माहिती पहिल्या फोनमध्ये मिळाली तर बंबावरच्या माणसांचे प्राण वाचू शकतात. दुर्दैवाने गोदामाचा राखणदार मालकास आधी फोन करतो आणि मग ११२ ला.

फोन करण्याचे भय

अपघात पाहूनही लोक फोन करीत नाहीत. नंतर साक्षीसाठी खेटे घालावे लागतील ही भीती त्यामागे असते आणि ती पूर्वी निराधार नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालण्यात आले आणि २०२० मध्ये त्याखालील नियम आले. जखमीस मदत करणाऱ्यास आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही आणि मदत केली म्हणून त्याच्यावर दिवाणी अथवा फौजदारी दायित्व येत नाही. ग्रामसभेत सांगण्यासारखी ही गोष्ट आहे.

याउलट खोटे फोन करणाऱ्यांची संख्या नियंत्रण कक्षांस त्रास देते. दुसऱ्यास त्रास व्हावा म्हणून पोलिसांस जाणूनबुजून खोटी खबर देणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. पण मुलाने खेळता खेळता कळ दाबली तर तो गुन्हा नव्हे. अशा वेळी घाबरून फोन बंद करू नये, चुकून लागला एवढे सांगावे. फोन बंद झाला तर खात्रीसाठी परत फोन करावा लागतो, आणि तोही उचलला नाही तर शंका वाढते.

खुर्चीवरचे काम

हे काम खुर्चीवर बसून करावयाचे असल्याने पोलीस दलात त्याला फारशी प्रतिष्ठा नाही, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. गुन्हा उघडकीस आणणाऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते. वाहन वेळेवर पाठविणाऱ्याचे येत नाही. पाळी रात्रीची असो वा दिवसाची, कानात एकामागून एक परक्यांची संकटे ओतली जातात. एक फोन संपताच दुसरा येतो. त्यामुळे आधीच्या फोनवरील मुलाचे काय झाले, ती वृद्धा वाचली काय, हे कळण्यास वाव राहत नाही. नोंदीत ‘जखमीस रुग्णालयात दाखल केले’ एवढे वाक्य येते. घटनास्थळी गेलेल्या शिपायास निदान काही केल्याचे समाधान असते, खुर्चीवरच्यास तेही अर्धेच. ज्या देशांत ही सेवा जुनी आहे तेथे या कर्मचाऱ्यांच्या मनावरील ताणाची दखल घेतली जाते. आपल्याकडेही या कामासाठी केवळ संगणक येणारा नव्हे, तर बोली समजणारा, गावे पायी फिरलेला आणि आवाज न चढविणारा माणूस निवडावा, असे वाटते. ज्याने चार वर्षे शहापूरला बीट सांभाळले आहे, त्यास ‘वाघाचा पाडा’ म्हटल्यावर त्या नावाचे कोणकोणते पाडे आहेत आणि तेथे गाडी जाते की नाही, हे नकाशाशिवाय समजते.

गावाच्या हाती काय आहे हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही, तरी दोन गोष्टी नमूद कराव्यात. रस्ता रुंद करताना उखडलेले किलोमीटरचे दगड आणि गावांचे फलक पुन्हा बसविले जातात की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहावे आणि बांधकाम यंत्रणेकडे त्याचा पाठपुरावा करावा. दुसरे असे की, प्रत्येक गावात नकाशावर नसलेली परंतु लोकांच्या तोंडी असलेली नावे असतात. जुना नाका, बंद पडलेली गिरणी, अमुक वडाजवळ, तमुक मोरीवर. अशा नावांची यादी पोलीस पाटलांनी आपल्या पोलीस ठाण्यास द्यावी आणि नवीन गोदामे उभी राहिली की तीत भर घालावी. पुणे व नाशिक ग्रामीण भागांत ग्रामसुरक्षा यंत्रणेने एका फोनवर गावातील सर्वांस एकाच वेळी सूचना देण्याची सोय केली आहे. अशा यंत्रणेचाही उपयोग स्थळांची नावे नेमकी असतील तरच होतो.

त्या श्रावणातल्या रात्री पोलिसांचे वाहन आले, मागोमाग रुग्णवाहिकाही आली आणि टेम्पोच्या चालकास पत्रा कापून बाहेर काढण्यात आले. दुसऱ्या दिवशी दुपारी लेखकास एक फोन आला. बोलणारी महिला अंमलदार होती. जखमी रुग्णालयात पोहोचला आहे, असे तिने सांगितले आणि मग विचारले, “साहेब, नोंद बंद करायची आहे. ते टपरीवाले काका ज्या पंपाबद्दल बोलत होते, त्याचं नाव तुम्ही वाचलं होतं का? पुढच्या वेळी कामी येईल.” मी ते वाचले नव्हते.